शेतातली वाट कोणाची? सिमरोलपुढच्या रविवारच्या भांडणावरून

पायपीट_इंदूर (धागाकर्ता) | सोमवार, सकाळी ७.४०

काल जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून ऑफिसला निघायच्या आधी लिहून टाकतोय.

आमचा दहा-बारा जणांचा जुना ग्रुप. इंदूरच्या आसपासचं पातालपाणी, जानापाव, कजलीगढ, तिंछा, सगळं पालथं घालून झालंय. रविवारी तिकडे आता माणसांच्या डोक्यांशिवाय काही दिसत नाही. म्हणून सिमरोलच्या पुढे, जिथे माळव्याचं पठार संपतं आणि निमाडाकडे कडा तुटते, त्या बाजूच्या एका कुंडावर आम्ही दोन-तीन वर्षं जातोय. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वेळी कोणीतरी व्हॉट्सॅपवर निरोप फिरवला आणि झाले ३४ जण. गाड्या गावाबाहेर लावल्या, पाऊण तास चाललो, तर शेताच्या फाटकात ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी. वर एक काका बसलेले, साठी उलटलेली, डोक्याला पंचा. म्हणाले, "आगे नहीं जाना."

आमच्यातल्या दोघांनी हुज्जत घातली. काका बधले नाहीत. मग त्यांनी फोन लावला आणि "अगं, चौतीस मोजले मी" असं कोणाला तरी सांगितलं. माणूस आपलाच निघाला! मला वाटलं, चला, सुटलो. पुढे होऊन मराठीत बोललो. त्यांनी मग जे ऐकवलं ते सगळं शुद्ध मराठीत ऐकवलं, एवढाच काय तो फायदा.

परत फिरलो. गाड्यांपाशी आलो तर दोन मोटारसायकलींची हवा गेलेली. कोणी काढली माहीत नाही, काका तर ट्रॉलीवरच होते.

प्रश्न साधा आहे. कुंड सरकारी जंगलात. तिथे जायला दुसरी सोपी वाट नाही. मग मधल्या एका शेताचा मालक सगळ्यांना अडवू शकतो का? कायदा कोणाला माहीत असेल तर सांगा.

रविवार_भटक्या | सोमवार, सकाळी ९.०५

डोंगर आणि पाणी कोणाच्या बापाचं नसतं. मी त्या ३४ मधलाच. माझ्याच गाडीची हवा गेली होती, तीन किलोमीटर ढकलत आणली. पोलिसात तक्रार करा, नाहीतर हे लोक उद्या टोलनाका लावतील.

सराफ्यातला_खवय्या | सोमवार, सकाळी ९.३०

३४ जण? भिया, ही भटकंती होती का वरात?

मेडेवरची | सोमवार, दुपारी १.१५

ती ट्रॉली आमची. वर बसलेले माझे बाबा. फोनवरची "अगं" ती मी.

आधी हवेचं. ती आम्ही काढली नाही. कोणी काढली ते सगळ्या गावाला माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही. ज्यांना गाडी ढकलावी लागली त्यांना सॉरी.

आता शेताचं. पणजोबांच्या वेळची, होळकरांच्या राज्यातली जमीन. बावीस बिघे उरलेत, त्यातले नऊ कड्याच्या अंगाला. (बाहेरच्यांसाठी: आपल्याकडे साधारण चार बिघ्यांचा हेक्टर धरतात.) मी इंदूरला नोकरी करते, सुट्टीला शेतावर असते. बाबा आणि आमचा हाली (सालगडी), दोघंच कायमचे तिथे.

सोयाबीन जूनअखेर पेरलं. तुम्ही आलात तेव्हा पन्नास दिवसांचं होतं, फुलं सरून शेंगा धरायला लागलेल्या. दोन ओळींत दीड फूट अंतर. एकटा माणूस बेताने गेला तर झाड हलतं, मोडत नाही. पण ओळीने माणसं गेली की काळी माती तुडवून लोणी होते. पाचवा घसरतो. सहावा शेजारच्या ओळीत पाय टाकतो. दहाव्यापासून दुसरी वाट सुरू. बुटाला किलोभर माती चिकटली की लोक थांबून पाय झटकतात, आणि ते झटकणंही झाडावरच. मागच्या महिन्यात मेडेवर (बांधावर) उभी राहून हे सगळं बघितलंय. मी ओरडले तर एका मुलीने हसून हात हलवला, तिला वाटलं मी टाटा करतेय.

पैशाचा हिशोब मी केलाय. दोनशे मीटर लांब, दीड मीटर रुंद पट्टा गेला. म्हणजे ३०० चौरस मीटर. हेक्टरी १२ क्विंटल धरलं तर ३६ किलो सोयाबीन, दोन हजारांच्या आतबाहेर. आकडा ऐकला की लोक खिशात हात घालतात, "घ्या ना काकाजी दोन हजार". बाबा चिडतात ते यानेच. कारण तुडवलेला पट्टा तिथेच थांबत नाही. उतार कड्याकडे आहे. पुढचा मोठा पाऊस आला की पाणी त्याच वाटेने धावतं, नाळी पडते, आणि वरची चांगली माती चोरल नदीला जाते. ती माती कोणत्या भावाने विकत आणायची?

शिवाय फाटक. उघडं टाकून जातात. रात्री रोजडे (नीलगाई) आत येतात. बारा-पंधरांचा कळप एका रात्रीत जे करतो त्यापुढे तुमचे ३४ जण देवमाणसं.

आणि विहीर. आमच्या विहिरीला कठडा नाही. जुलैत पाच मुलं तिच्यात उड्या मारत होती, मोटरची केबल बाजूला सारून. त्यातला एक जरी वर आला नसता तर पोलीस पहिल्यांदा कोणाच्या दारात आले असते? त्या दिवसापासून ट्रॉली आडवी लागते.

रविवार_भटक्या | सोमवार, दुपारी १.४०

विहिरीत आम्ही नव्हतो. दुसऱ्यांच्या पापाची शिक्षा आम्हाला का?

मेडेवरची | सोमवार, दुपारी १.५२

कारण लांबून सगळे सारखेच दिसतात. निळं-केशरी जर्किन आणि पाठीला पिशवी.

खसरा_खतौनी | सोमवार, संध्याकाळी ६.२०

महसूल खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. धागाकर्त्याने कायदा विचारलाय, तर जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढंच सांगतो.

मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९. तिचं कलम १३१ वाटेच्या भांडणाचं. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात किंवा गावाच्या पडीक-चराऊ जमिनीत कोणत्या वाटेने जायचं यावर तंटा झाला, तर तहसीलदार जागेवर चौकशी करून निकाल देतो. दोन गोष्टी पाहतो: आधीपासूनची वहिवाट, आणि सगळ्या पक्षांची सोय. पण नीट वाचा, हे कलम शेतकऱ्यासाठी आहे. टिळक नगरातून रविवारी आलेल्या पाहुण्यासाठी नाही.

दुसरं, कलम २४२ खालचं वाजिब-उल-अर्ज. प्रत्येक गावच्या रूढींची नोंदवही म्हणा. कोणत्या वाटेने गुरं जातात, पाणी कोणाचं, कोणत्या नाल्यातून गाडी उतरते, ते तिथे लिहिलेलं असतं. फार थोडे लोक ते उघडून पाहतात. उघडलं की अर्धी भांडणं तिथेच मिटतात, आणि उरलेली अर्धी नव्याने सुरू होतात.

तिसरं, १८८२ चा सुखाधिकार कायदा. खासगी जमिनीतून वीस वर्षं उघडपणे, हक्क म्हणून, खंड न पडता कोणी वाट वापरली तर हक्क मिळू शकतो. तुम्ही तीन वर्षं जाताय, तेही पावसाळ्यातले रविवार. विषय संपला.

चौथं कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. कुंड "सरकारी जंगलात" आहे म्हणजे ते सगळ्यांना मोकळं, हा मोठा गैरसमज आहे. जंगल आरक्षित असेल तर १९२७ च्या वन कायद्याच्या २६ व्या कलमाने तिथे विनापरवानगी शिरणं हाच गुन्हा. काकांनी ट्रॉली काढली असती तरी पुढे वनरक्षक ट्रॉली लावू शकला असता.

तेव्हा पोलिसात जाण्याचा उत्साह जरा आवरा. मात्र एक करा, गावाचा नकाशा बघा. एमपी भूलेखवर खसरा दिसतो (महाराष्ट्रातल्यांनी सातबारा समजावं). पण मजा जुन्या लठ्ठा नकाशात, कापडावरच्या. त्या पट्ट्यात कुठेतरी गोहा असणारच. बैलगाडीचा सरकारी रस्ता. कड्याखालच्या गावांतून लोक वर बाजाराला येत, ते काय उडत येत होते?

पायपीट_इंदूर | सोमवार, रात्री ८.१०

खसरा काका, धन्यवाद. डोळे उघडले म्हणणार नाही, पण किलकिले झाले. मेडेवरची, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण प्रामाणिकपणे सांगतो, आम्ही मधोमध गेलो ते मस्ती म्हणून नाही. फोनमधल्या नकाशावर जी वाट दिसत होती तीच धरली.

रेवातीर | मंगळवार, सकाळी ६.००

मी एका वेगळ्याच गोष्टीचा विचार करत होतो. नर्मदेच्या परिक्रमेला दरवर्षी हजारो माणसं शेतांतून जातात. माझी आत्या जाऊन आली. महेश्वर, मंडलेश्वर, पुढे किती गावं, कोणी अडवलं नाही. उलट शेतातून हाक मारून बोलावलं, "मैया, चाय पीकर जाओ." सदावर्ताला कोरडा शिधा दिला. तीच माळवा-निमाडातली माणसं, तेच शेतकरी. मग आपल्यालाच ट्रॉली का?

आत्याला हे विचारलं. तिला वाटलं मी थट्टा करतोय. म्हणाली, "अरे, आम्ही चातुर्मासात चालत नाही."

तेव्हा लक्षात आलं. परिक्रमावासी चार महिने एका जागी थांबतो. आजवर मी ते व्रत समजत होतो, पुरात वाहून जाऊ नये म्हणूनची काळजी समजत होतो. पण त्याच चार महिन्यांत शेतात पीक उभं असतं! जानापावची जत्राही कार्तिकी पौर्णिमेला, सोयाबीन कापून झाल्यावर. जुन्या लोकांनी चालण्याचं वेळापत्रक शेताकडे बघून बसवलं होतं की आपोआप बसलं, देव जाणे. आपण मात्र नेमके जुलै ते सप्टेंबर बाहेर पडतो, कारण धबधबा तेव्हाच असतो. शेतकऱ्याला जेव्हा पाहुणा नको तेव्हाच आपण पाहुणे.

मेडेवरची | मंगळवार, सकाळी ८.४५

रेवातीर काका, हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "डिसेंबरात या म्हणावं, हुरडा खायला घालतो." हुरडा आमच्याकडे होत नाही, ज्वारी आजोबांच्या वेळीच गेली. पण भावना पोचली असेल.

पुण्याहून_बघतोय | मंगळवार, दुपारी १२.३०

कासचं उदाहरण घ्या. साताऱ्याजवळचं फुलांचं पठार, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आलं आणि गर्दी फुटली. तिथे आसपासच्या गावांची वनसमिती शुल्क घेते, आधी नोंदणी असते, गावातलीच मुलं राखणीला. मालक आणि पाहुणा यांच्यामध्ये पावती आली की भांडण कमी होतं. तुमच्याकडेही माणशी पन्नास रुपये लावा.

सराफ्यातला_खवय्या | मंगळवार, दुपारी १२.४५

पन्नास रुपये भरले की इंदुरी माणूस वसूल करूनच येतो. शेतातल्या शेंगाही सोलून आणेल.

मेडेवरची | मंगळवार, दुपारी २.००

पुण्याच्या दादांना नाही म्हणत नाही, पण कास ही समितीच्या ताब्यातली जागा. आमचं चालतं शेत आहे. पैसे घेतले की "आम्ही पैसे भरलेत" हे वाक्य येणार, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. बाबा तर म्हणतात, ज्या दिवशी पावती फाडीन त्या दिवशी विहिरीत पडणाऱ्याची जबाबदारी पावतीसकट माझी.

धुक्यातली_इंदुरी | मंगळवार, रात्री ११.५०

मूळची रामबागेतली, आता इंग्लंडात डर्बीशरमध्ये. दाराबाहेर पीक डिस्ट्रिक्ट. हा वाद इथे शंभर वर्षं चाललाय, म्हणून न राहवून लिहितेय.

२४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे गिरणी-कारखान्यातले शेकडो तरुण किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम घुसले. तो जमीनदारांनी शिकारीच्या पाखरांसाठी राखलेला. राखणदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९४९ चा कायदा आला, १९५१ ला पीक डिस्ट्रिक्ट हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि मोकळं हिंडायचा हक्क कायद्यात यायला २००० साल उजाडलं. रविवार_भटक्यांना हे आवडेल. पण थांबा. तो हक्क डोंगर, माळरान, ओसाड जमीन यांच्यापुरता. पिकाच्या शेताला लागू नाही. स्कॉटलंडचा २००३ चा कायदा त्याहून सैल, जवळजवळ कुठेही जा म्हणतो, पण पेरलेलं शेत त्यातूनही वगळलेलं. कडेने जा, पिकातून नको.

शेतातून जुनी पायवाट जात असेल तर तिचा वेगळा नियम. शेतकऱ्याने ती नांगरली तर चौदा दिवसांत परत पाडून द्यायची, निदान एक मीटर रुंद. म्हणजे चालणाऱ्यावर जसं बंधन तसं नांगरणाऱ्यावरही. मला हे फार पटतं.

कागदाबाहेरचंही सांगते. आमच्या मागच्या टेकडीवर मेंढ्या आहेत. वसंतात कोकरं व्हायची वेळ आली की शेतकरी फाटकावर पाटी लावतो. "बंदी" असं लिहीत नाही. लिहितो, "पुढच्या कुरणात मेंढ्या विताहेत, कृपया डाव्या भिंतीच्या कडेने जा, अमुक तारखेपर्यंत." कारण, दुसरी वाट, तारीख. लोक मुकाट डावीकडे वळतात. नुसती "प्रवेश निषिद्ध" पाटी असली की मीही कुंपणावरून उडी मारते, खोटं कशाला बोलू.

मेडेवरची | बुधवार, सकाळी ७.१०

"नांगरणाऱ्यावरही." हे वाक्य रात्रभर टोचत राहिलं. म्हणून लिहितेच.

खसरा काकांनी विचारलं ना, गोहा असणारच म्हणून. आहे. आमच्या शेताच्या पूर्वेच्या मेडेलगत, आमच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये. लहानपणी मी त्यावरून बैलगाडीत बसून गेलेय. दोन चाकोऱ्या, मध्ये गवत, दोन्ही बाजूंना पळस.

आज तो एक हात उरलाय. दरवर्षी ट्रॅक्टर वळताना शेजारी एक तास (नांगराची एक ओळ) आत येतो. दरवर्षी आम्हीही एक तास आत जातो. तो आला म्हणून आम्ही, आम्ही गेलो म्हणून तो. उरलेल्या पट्ट्यात घाणेरी आणि बेशरम माजलीय. तिथून माणूस जाऊच शकत नाही, म्हणून तो आमच्या शेतात शिरतो. बाबांना हे मी म्हटलं तेव्हा ते उठून गोठ्यात गेले. म्हणजे कळलं त्यांना.

खसरा_खतौनी | बुधवार, सकाळी ९.००

ताई, तीस वर्षांत शेतकऱ्याच्या घरातून हे कबूल करणारं पहिलंच माणूस भेटलं. सरकारी रस्त्यावरचं अतिक्रमण कलम २४८ खाली येतं, पण तहसीलपर्यंत जाऊ नका. पटवारी आणि सरपंचाला बोलावून मोजून घ्या, दोन्ही मेडा सारख्या मागे घ्या. शेजाऱ्याला आधी विचारा, नंतर सांगितलं की तो मुद्दाम अडतो.

पायपीट_इंदूर | बुधवार, रात्री १०.३०

आता माझी पाळी. काल रात्रीपासून तो फोनमधला नकाशा तपासत होतो. शेताच्या मधोमध जाणारी जी रेघ सगळे धरतात, ती कोणी टाकली?

मी.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलात एकटाच गेलो होतो. हरभरा निघालेला, शेत मोकळं, जमिनीला भेगा. समोर कडा दिसत होता, सरळ चालत गेलो. घरी येऊन हौसेने ट्रॅक चढवला, खाली लिहिलं "सोपी, सरळ वाट". त्यावर पुढे शेकड्याने लोक गेले असतील. एप्रिलातल्या माझ्या रेघेवरून लोक ऑगस्टात चालतायत. मी स्वतःही रविवारी त्याच रेघेवरून ३४ जणांना घेऊन निघालो होतो आणि वर कायदा विचारत होतो.

ट्रॅक काढून टाकलाय. पण ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्या फोनात तो आहेच.

सराफ्यातला_खवय्या | बुधवार, रात्री १०.४१

🙏 आज थट्टा नाही.

रविवार_भटक्या | बुधवार, रात्री ११.००

मग आता काय? दोघांनी गळ्यात गळे घालायचे आणि जायचं बंद करायचं? मला अजूनही वाटतं की कड्यावर उभं राहून पाऊस बघणं हा शेत-जमीन नसलेल्या माणसाचाही हक्क आहे. माझ्या वडिलांकडे वीतभर जमीन नव्हती. आम्ही दोन खोल्यांत वाढलो. माझ्यासाठी चोरलचा डोंगर हीच बाग. ती बंद करून तुम्ही मला मॉलमध्ये पाठवताय.

मेडेवरची | बुधवार, रात्री ११.२५

हे पटलं. खरंच. तुम्ही सुरुवातीलाच असं लिहिलं असतं तर मी इतकी तिखट झाले नसते.

शनिवारी या. सकाळी नऊ. चौघंच. पायपीट, तुम्ही, आणखी दोघं. पोहे करते.

पायपीट_इंदूर | रविवार, संध्याकाळी ७.००

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय.

काका ओटल्यावर बसले होते. दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग भटक्याने विचारलं, "काका, रोजडे कुठून येतात?" आणि काका उठले. पुढचे दोन तास आम्ही त्यांच्या मागे. कुंपणातली भगदाडं दाखवली, बिनकठड्याची विहीर दाखवली, आणि मग ती वाट. महिन्याभरापूर्वी तुडवलेली. मी म्हणत होतो, शेतात थोडीशी मोडतोड. प्रत्यक्षात वितभर खोल चर पडलाय, बाजूच्या झाडांची मुळं उघडी, पांढरी, लोंबतायत. काकांनी वाकून एका झाडाच्या बुडाशी माती ओढली, हाताने दाबली, पुढे गेले. काही बोलले नाहीत. मी दुसऱ्या झाडाला माती लावली. भटक्याने तिसऱ्या. तासभर तेच करत होतो, मूर्खासारखे, शंभरेक झाडांना लावली असेल.

ठरलं ते असं. सोयाबीन निघेपर्यंत शेतातून कोणीही जायचं नाही. गोह्यातली घाणेरी आणि बेशरम आम्ही तोडायची, कोयते काकांचे, हात आमचे. एका वेळी बाराच्या वर माणसं नाहीत. आदल्या दिवशी फोन. गाड्या गावातल्या एका खळ्यावर, त्याचे वीस रुपये खळेवाल्याला, काकांना नाही, ही त्यांची अट. फाटकाला साखळी नको, दोरी, येणाऱ्याने सोडायची आणि बांधायची. विहिरीला तूर्त काटेरी तार. कठड्याला विटा आम्ही वर्गणीतून देऊ म्हटलं, काका म्हणाले "बघू", म्हणजे नाही. आणि कुंडाकडे उतरण्याआधी वनखात्याच्या चौकीवर विचारायचं. पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतं, ती असेल त्या दिवशी कड्यावरूनच परत. २०११ च्या जुलैत पातालपाणीला अचानक लोंढा येऊन माणसं वाहून गेली, ते इथल्या प्रत्येकाला आठवतंय.

पाटीचा मजकूर धुक्यातली ताईंच्या सल्ल्याने केला: "सोयाबीनमध्ये शेंगा भरताहेत. दसऱ्यापर्यंत उजव्या मेडेने जावे." हिंदीत आणि मराठीत. मराठीची गरज काय, असं मी विचारलं. काका म्हणाले, "जे हुज्जत घालतात ते मराठीच असतात."

शेजारी तयार नाही. त्याने आमच्यासमोरच सांगितलं, माझा तास मी मागे घेणार नाही. तेव्हा गोहा सध्या काकांच्या बाजूनेच रुंद होतोय. हे अन्यायाचं आहे, आणि आमच्याकडे त्यावर उत्तर नाही.

खसरा_खतौनी | रविवार, रात्री ८.१५

शेजाऱ्याचं मी बघतो. त्या भागातला जुना पटवारी ओळखीचा आहे. पीक निघू द्या, उभ्या पिकात मोजणीचं नाव काढलं की माणूस बिथरतो.

पुण्याहून_बघतोय | रविवार, रात्री ९.००

बाकीच्या ग्रुपांचं काय? ते हा धागा थोडेच वाचणार?

रविवार_भटक्या | रविवार, रात्री ९.२०

नाही वाचणार. म्हणून नवी रेघ मी टाकलीय, गोह्यावरून, आणि नावात "सोयाबीन असताना हीच" लिहिलंय. जुनी ज्यांच्या फोनात आहे त्यांच्यासाठी पुढचे चार रविवार मी सकाळी सात ते दहा फाटकापाशी बसणार आहे. काकांनी ट्रॉली देऊ केलीय बसायला.

मेडेवरची | पुढचा रविवार, दुपारी ३.३०

आजचा अहवाल. सकाळी एक ग्रुप आला, नऊ जण, फोन करून. गोह्यातून गेले, गोह्यातून आले. नंतर अठरा जणांचा दुसरा ग्रुप, न कळवता. भटक्याने अडवलं तर त्यांनी त्यालाच विचारलं, "डोंगर काय तुझ्या बापाचा आहे का?" तो माझ्याकडे बघायला लागला, मी तोंड फिरवून हसले. अठरातले बारा गेले, सहा जण गावात चहा पीत बसले.

फाटक सगळ्यांनी बांधलं. फक्त शेवटच्याने गाठ अशी काही मारली की बाबांनी अर्धा तास झटून शेवटी विळ्याने दोरी कापली. पुढच्या वेळी येताना कोणीतरी दोन मीटर दोरी आणा.